डाव्या हाताची करंगळी

हन्नेनं थाळीतला कोसई उचलला आणि असाबेला नातीच्या करंगळीवरचा जांभळा डाग दिसला. उजव्या करंगळीवर. अडीच वर्षांची पोर ती, चवळीचा गरम वडा या हातातून त्या हातात झेलत फुंकरा मारत होती आणि आजीला शेजारच्या कोंबडीबद्दल काहीतरी सांगत होती. असाबे हं हं करत होती, पण तिच्या तोंडातला घास फिरायचा थांबला होता. पोलिओचे थेंब पाजले की शाई लावतात ती डाव्या करंगळीला. नखाच्या मुळाशी, अर्धी नखावर, अर्धी कातडीवर. उजवा हात जेवायचा, सलामाचा. त्याच्या वाटेला औषधवाल्यांनी जायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. गेली वीस वर्षं नायजेरियातल्या या कानो शहराच्या गल्ल्या तुडवताना असाबेनं ज्या करंगळ्या धरून पाहिल्या, त्यांत उजवी एकही नव्हती. आणि परवा या वॉर्डात फिरलेल्या दोघी मुली तिनंच तयार केलेल्या. त्या एक वेळ स्वतःच्या नवऱ्याचं नाव विसरतील, हात विसरणार नाहीत. पोर पाठीला बांधलेली असो की झोपलेली असो, त्या आधी डावा हात हुडकतात. हा डाग लावणारं माणूस पोरीच्या समोर बसलं होतं आणि आपल्या डाव्या बाजूला आला तो डावा हात, असं समजून त्यानं घाईघाईनं काम उरकलं होतं. अशी चूक घरातलंच माणूस करतं.

घरात माणूस एकच होतं. झुवैरा, असाबेची लेक, अंगणात चुलीपुढे पाठमोरी बसून कढईत पीठ सोडत होती. तिचा नवरा मुर्ताला सकाळपासून रिक्षा घेऊन बाहेर. असाबे आज इथे कामाला आलीच नव्हती. मोहिमेचा आज पाचवा दिवस, म्हणजे तपासणीचा. असाबेसारख्या जुन्या बायकांनी घरोघर जाऊन नुसत्या करंगळ्या पाहायच्या, शाई नसलेलं पोर सापडलंच तर निळ्या डब्यातल्या बर्फातून बाटली काढायची आणि तिथल्या तिथे दोन थेंब पाजायचे. लेकीचं घर वाटेवर पडतं, दुपार झाली, पोटात काही नव्हतं, म्हणून ती टेकली होती. डबा भिंतीच्या सावलीला ठेवला होता. हवेत हरमाटान वाऱ्याची कोरडी धूळ होती, ओठ फुटले होते, आणि तेलाचा खमंग वास येत होता. पाच मिनिटांपूर्वी ती याच अंगणात बसून म्हणाली होती की जगात एक घर तरी असं आहे जिथे मला कुणी दार लावून घेत नाही.

दारं. तिच्या आयुष्यात दारांखेरीज होतं काय? लोखंडी, लाकडी, नुसता पडदा टांगलेली, आणि प्रत्येकाच्या आतून तोच आवाज, "कोण? औषधवाली? पुरुष घरी नाहीत." पुरुष घरी असले की बायका घरी नसायच्या. एकानं तिच्या डब्यावर उष्टं पाणी फेकलं होतं. एक म्हातारा दर फेरीला तिला बसायला चटई द्यायचा, थंड पाणी द्यायचा आणि हसत म्हणायचा, "हाजिया, दहा वर्षं झाली, नळाला थेंब नाही. आणि पोरांच्या तोंडात थेंब घालायला मात्र सरकार वर्षातून सात वेळा उंबऱ्याशी. आधी नळाला पाजा की ते औषध!" तिच्याही नळाला थेंब नव्हता. पोराला हिवताप आला की दवाखान्यात सुईपासून कापसापर्यंत सगळं विकत आणावं लागतं, गोवराची साथ आली तेव्हा कुणी फिरकलं नाही, आणि न मागितलेली एवढी एकच गोष्ट फुकट आणि दारापर्यंत. माणसाला संशय येणारच. येऊ नये तर काय करावं? हे सगळं तिला कळायचं आणि कळूनही तिचं डोकं तापायचं. कारण ज्यांना पोलिओ काय असतो ते दाखवायला हवं, त्यांना दाखवायला आता काहीच शिल्लक नव्हतं. तिच्या लहानपणी प्रत्येक गल्लीत एक तरी पोर हातांवर सरकत चालायचं. आता ती पोरं म्हातारी होऊन चौकात तीनचाकी गाड्यांवर बसलेली असतात, आणि तरण्या आया त्यांच्याकडे जुन्या काळाची माणसं म्हणून बघतात. थेंबांनी रोग घालवला, आणि रोग गेला म्हणून थेंब नकोत. न झालेला आजार दाखवायचा कसा? वीस वर्षं ती या एका प्रश्नावर डोकं आपटत होती आणि भिंत जागची हलली नव्हती.

त्यात या वर्षी नवा हुकूम निघालेला. वॉर्डाच्या मुखियानं मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं होतं की जे घर थेंब नाकारील त्या घरच्या पुरुषाला ओसरीवर बोलावून चारचौघांत बसवलं जाईल, आणि तरीही ऐकलं नाही तर पुढचं पोलीस बघतील. असाबेला हा हुकूम ऐकून आधी बरं वाटलं होतं. बसा आता, असं तिला वाटलं होतं. आज तिच्या पिशवीत तो कागद होता, ज्यावर नाकारणाऱ्या घराच्या नंबरापुढे नुसती फुली मारली की काम झालं. या घराचा नंबर चौतीस. मुर्ताला साधा माणूस, पोरीच्या बोटाला शाई आहे म्हणजे थेंब पाजलेत असं मानून चाललेला. त्याला मुखियाच्या ओसरीवर बसवला, बायकोनं आपल्याला फसवलं हे त्याला चारचौघांत कळलं, की तो झुवैराला बोचकं बांधायला लावील. फुली नाही मारली, तर हन्ने कोरडीच राहील. असाबेनं थाळी बाजूला सरकवली.

"झुवैरा, इकडे ये."

"थांब गं इन्ना, हा घाणा जळेल."

"जळू दे."

झुवैरा वळली. आईच्या मांडीवर पोर आणि आईच्या हातात पोरीचा उजवा हात, हे पाहताच तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी पटकन सरकलं. मग तिनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "अय्या, उजव्या हाताला लावली वाटतं. तुझ्या मुली आता आंधळ्या झाल्या की काय?"

"माझ्या मुलींना बोलू नकोस. पेन कुठाय?"

"कसलं पेन?"

"झुवैरा, मी तुला नऊ महिने पोटात वागवलंय. पेन कुठाय?"

झुवैरानं पिठाचे हात पुसले. मग आत गेली, पेटीतल्या कपड्यांखालून तिनं जांभळं मार्कर आणलं आणि आईच्या पुढ्यात टाकलं. बाजारात मिळतं, म्हणाली, शाळेच्या वह्यांबरोबर; मुली आल्या की पोर घरी नाही म्हणायचं आणि मागाहून बोट रंगवायचं. असाबेनं विचारलं, हे कितव्यांदा? झुवैरानं पोरीच्या बोटाकडे पाहिलं, मग चुलीकडे, आणि असाबेला कळलं की पहिल्यापासून. जन्मापासून. म्हणजे प्रत्येक फेरीला ती दुसऱ्यांच्या पोरांची तोंडं उघडत उन्हात हिंडत होती, संध्याकाळी इथे येऊन नातीची रंगवलेली करंगळी चुंबत होती, आणि एक थेंबही या पोटात गेलेला नव्हता. तिला एवढा संताप आला की आधी हसूच आलं.

"जगाला शहाणपण शिकवत फिरते मी, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार! का गं? कुणी सांगितलं तुला? शेजारणीनं? की पोरींना पुढे मुलं होत नाहीत म्हणणाऱ्या त्या दाढीवाल्यानं?"

"कुणी सांगितलं नाही."

"मग?"

"तूच शिकवलंस की," झुवैरा म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत. डबा माझ्या हातात होता, इन्ना. मी अकरा वर्षांची होते, आंधळी नव्हते."

असाबेनं पोरीला मांडीवरून खाली ठेवलं. ती गल्ली. गोळीबाराचं वर्ष. शहरात औषध पाजणाऱ्या बायकांना भर सकाळी गोळ्या घातल्या होत्या, आणि तिच्याबरोबर प्रशिक्षणाला एका बाकावर बसलेली डेलू त्यात गेली होती. डेलू फार बडबडी. त्या दिवसापासून असाबेला मोटारसायकलचा आवाज आला की मान आपोआप खांद्यांत जायची. काही आठवड्यांनी फेरी पुन्हा सुरू झाली. कुणी यायला तयार नव्हतं. असाबे लेकीला घेऊन निघाली, कारण लहान मुलगी बरोबर असलेल्या बाईवर कुणी गोळी झाडणार नाही, असं तिला वाटलं होतं. लेकीला तिनं ढाल म्हणून नेलं होतं. गल्लीत ओल्या कातड्यांचा वास, भिंतींवर ताणून टाकलेली चामडी, आणि पहिल्याच दारातली बाई कुजबुजली होती, "बाई, हवी तर शाई लाव आणि निघ. पण माझ्या उंबऱ्यावर उभी राहू नकोस. तुझ्यापायी आमच्या दारात गोळ्या येतील." असाबेनं पोरांच्या करंगळ्या रंगवल्या. दोघींचंही भागलं. मग दुसरं दार, तिसरं दार. एकोणीस पोरं. कुणाच्याही तोंडाला तिनं हात लावला नाही. गल्लीच्या टोकाला पोचल्यावर रिकाम्या बाटल्यांचा हिशेब जुळावा म्हणून तिनं गटारात थेंब ओतले, गुलाबी थेंब काळ्या पाण्यात, आणि लेकीला म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." लेकीनं मान हलवली होती. नंतर दोघी याबद्दल कधी बोलल्या नाहीत. असाबेला वाटत होतं, पोर विसरली असेल. बारा वर्षं ती त्या गल्लीत गेली नव्हती. बाजाराला जाताना लांबचा वळसा घ्यायची आणि स्वतःला सांगायची की तिकडे वास फार येतो.

"मी घाबरले होते," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर तेव्हा काही म्हटलं नाही." झुवैरानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पण हन्ने झाली, तुझ्या मुली पहिल्यांदा दारात आल्या, आणि मला तेच दिसायला लागलं. त्या बाटलीत काय असतं ते तुला माहीत होतं ना? पोरांचे पाय वाचवतं, असं तूच रोज सांगायचीस. मग त्यावर खरा विश्वास असता तर तू ते गटारात ओतलं असतंस? मी आई झाल्यावर रोज विचार केलाय यावर. जे माझी आई गटारात ओतू शकते ते मी माझ्या पोरीच्या तोंडात कशाला घालू?"

"अगं, भीतीपुढे विश्वास—"

"मग मलाही भीती वाटते. तुझ्या भीतीला माफी आणि माझ्या भीतीला मुखियाची ओसरी? मार ना फुली. मार. चौतीस नंबर."

असाबेनं पिशवीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. ओढून घ्यावी पोर, गाल दाबावेत, दोन थेंब टाकावेत, दोन श्वासांचं काम. हन्नेनं तर आजीपुढे तोंड हसत हसत उघडलं असतं. पण झुवैरा बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत जबरदस्ती केली, तर हे दारही लागेल, आणि हे दार लागलं की मग बाकीची हजार दारं उघडली काय, न उघडली काय. झुवैराला आई म्हणून समजावता येत नाही, लेक म्हणून दटावता येत नाही, आणि खरी गोष्ट आपल्या बाजूला असून ती सांगायचं तोंड आपल्यालाच उरलेलं नाही. तिला रडू आलं नाही, नुसता वैताग आला. स्वतःचा, लेकीचा, डेलूला मारणाऱ्यांचा, नळाचा, सगळ्यांचा.

"एक कर," झुवैराच म्हणाली. "जा त्या गल्लीत. आत्ता जा. ती पोरं आता मोठी झाली असतील, त्यांचे पाय बघून ये. सगळी धड चालत असतील तर मला परत कधी विचारू नकोस. आणि एखादं जरी लंगडत असलं, तर ये आणि मला सांग. मी स्वतः हिचं तोंड उघडीन."

"असं नसतं गं ते. पुढच्या फेऱ्यांत दुसऱ्या कुणी पाजलं असेल त्यांना. आजूबाजूच्या हजार गल्ल्यांनी थेंब घेतले म्हणून त्या गल्लीत रोग शिरला नसेल. एका गल्लीच्या पायांवरून—"

"ते कागदावरचं तू दारात सांगतेस ते. मला पाय सांग."

असाबेनं डबा खांद्याला लावला आणि ती निघाली. वळसा न घेता. वाटेत तिच्या मनात भांडण चालूच होतं, आणि झुवैराला द्यायची उत्तरं आता, लेक समोर नसताना, एकापेक्षा एक सरस सुचत होती. गल्लीचा वास आधी आला. मग भिंती, त्यांवरची ताणलेली कातडी, ते गटार. गटारावर आता फरशी टाकली होती. असाबे एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर टेकली. मदरसा सुटायची वेळ झाली होती, आणि पोरंपोरी पाट्या घेऊन घोळक्यानं येऊ लागली. असाबेची नजर खाली गेली. पाय. धुळीनं पांढरे झालेले, चपला घातलेले, अनवाणी, बारीक पोटऱ्यांचे, फेंगडे. बारा-पंधरा वर्षांचं कुणी दिसलं की ती टाच जमिनीला नीट टेकते का ते बघायची. एक मुलगा पाय ओढत येतोय असं वाटलं आणि ती पुढे वाकली. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तिनं पुढच्याकडे बघितलं. तोही धड. त्याच्या मागचा धड. एक पोरगी एका पायावर लंगडत आली आणि असाबे कट्ट्यावरून अर्धवट उठली, पण ती मैत्रिणीबरोबर लंगडी खेळत होती. असाबेला निराशा वाटली. स्पष्ट, पुरी निराशा, दारावरून हाकललं की वाटते तशीच. आणि ती वाटून गेल्यावर तिला कळलं की आपण इथे बसून काय शोधतोय ते. अल्लाच्या कृपेनं एकोणीसच्या एकोणीस पोरं वाचली असतील, तर बारा वर्षांचं ओझं उतरून तिनं इथेच सजद्यात डोकं टेकायला हवं होतं. आणि ती एक तरी मोडका पाय मिळावा म्हणून पोरांचा घोळका चाळत होती. या अल्ला, एकच दे, असं ती मनात म्हणालीसुद्धा होती.

"हाजिया, बरं नाही का तुम्हाला?"

एक मुलगी पुढे उभी होती. बारा-तेरा वर्षांची, उंच, सरळ, लांब टांगांची. असाबे काही बोलायच्या आत ती पळत घरात गेली आणि पाण्याचा पेला घेऊन पळतच परत आली. असाबेनं पाणी प्यायलं. नाव विचारलं. "लुबाबातु," मुलगी म्हणाली, "ते निळं दार आहे ना, ते आमचं." निळं दार असाबेला आठवत होतं. तेव्हा ते हिरवं होतं आणि आत पाळण्यात एक तान्ही पोर झोपलेली होती. झोपेतच तिची करंगळी रंगवली होती. "अल्ला तुझं भलं करो," असाबे म्हणाली आणि निघाली.

लेकीच्या दाराशी पोचेपर्यंत तिनं ठरवलं होतं की खरं सांगायचं. सगळी धड आहेत म्हणून सांगायचं, आणि म्हणायचं, तरी पाज गं, माझ्यासाठी पाज. अंगणात झुवैरा चूल विझवून नुसती बसली होती. हन्ने तिच्या पाठीला टेकून पेंगत होती, तिचे दोन्ही पाय पुढे पसरलेले, तळव्यांना पीठ लागलेलं.

"बघितलंस?" झुवैरानं विचारलं.

असाबेनं त्या पायांकडे पाहिलं. "बघितलं," ती म्हणाली. "एक आहे."

झुवैराचा हात तोंडावर गेला. "कोण?"

"मुलगी आहे. त्या वेळी तान्ही होती."

"कुठला पाय?"

"डावा." तिला वाटलं, आता पुरे. पण झुवैरा थांबली नाही.

"नाव काय तिचं?"

दुसरं कुठलंही नाव घेता आलं असतं. शहरभर नावं पडलीत. पण तोंडात त्या पोरीनं दिलेल्या पाण्याची चव अजून होती, आणि असाबे म्हणाली, "लुबाबातु." तिची आई सांगायची की जिवंत माणसाबद्दल वाईट बोलू नये, बोललेलं जाऊन लागतं.

झुवैरा रडली. आवाज न करता, बराच वेळ. मग तिनं हन्नेला मांडीवर घेतलं, कपाळ मागे सारलं, आणि बोलली होती तसं स्वतःच्या बोटांनी तिचं तोंड उघडलं. असाबेनं बर्फातून बाटली काढली. एक थेंब, दुसरा थेंब. हन्नेनं तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि गोड दे म्हणाली. असाबेनं पोरीच्या शेजारी बसून तिचा डावा हात हातात घेतला आणि करंगळीला शाई लावली, अर्धी नखावर, अर्धी कातडीवर. कागदावर चौतीसपुढे तिनं बरोबरची खूण केली. काम झालं होतं. पोर वाचली. तिनं स्वतःला दोनदा सांगितलं, पोर वाचली.

पिशवी उचलून ती उभी राहिली, तेव्हा झुवैरा आतून झाकण घातलेलं भांडं घेऊन आली. "सगळे कोसई भरलेत," ती म्हणाली, डोळे सुजलेले. "निवलेत, पण चांगले आहेत. तिला नेऊन दे. आता दर शुक्रवारी मी तिच्या नावानं सदका काढणार. माझंही पाप आहे त्यात, डबा मीच धरला होता. मुर्तालानं विचारलं तर त्यालाही सांगीन. पण तुझ्याच हातानं दे, इन्ना. तुझ्या हातानं घडलं ते."

"उद्या नेते."

"नाही. आत्ताच. लांब नाही ते."

झुवैरा दारात उभी राहून बघत होती, त्यामुळे असाबेला दुसऱ्या बाजूला वळता आलं नाही. एका खांद्याला डबा, हातात भांडं, अशी ती चालत राहिली. गल्लीच्या तोंडाशी तिला वाटलं, कुठल्याही भिकाऱ्याला द्यावं आणि सुटावं, पण चौक मागे राहिला होता. मशिदीची बांग व्हायला अजून वेळ होता आणि पोरं खेळत होती. त्यांतल्या एकीनं तिला ओळखलं, खेळ सोडला आणि भरधाव धावत आली.

"हाजिया, परत आलात?" लुबाबातु धापा टाकत म्हणाली. "काय आणलंय?"